फूड केमिस्ट व्हायचं तर: खान्देशातून निघणारी वाट

जूनमध्ये निकाल लागले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. "ताई, पोरगा बीएस्सी केमिस्ट्री झाला. अंकलेश्वरला पाठवू की एमएस्सी करू देऊ?" फोन अमळनेरचा असो, शिरपूरचा असो की नंदुरबारचा, केमिस्ट्री म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ताप्ती लाइनची गाडी येते. सुरतेकडे जायचं, तिथून अंकलेश्वर नाहीतर वापी गाठायची, रंगाच्या नाहीतर औषधाच्या कारखान्यात शिफ्ट धरायची. त्यात वाईट काही नाही. माझ्या वर्गातले निम्मे तिकडेच आहेत आणि बहुतेकांची घरं बांधून झाली आहेत. पण ज्या स्टेशनावरून ही पोरं गाडी धरतात, त्याच्याच अवतीभवती डाळ मिल आहेत, तेल गिरण्या आहेत, मिरचीच्या पथाऱ्या आहेत, केळी आहे, मका आहे, दूध आहे. या सगळ्याला केमिस्ट लागतो, हे कॉलेजात मला कोणी सांगितलं नाही. म्हणून हा लेख.

मी यावल तालुक्यातली. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी, जळगावला एमएस्सी, मग एका लहान कारखान्याची लॅब, पुढे जरा मोठ्या कारखान्याची, मग नाशिकला खासगी टेस्टिंग लॅब, फूड ॲनालिस्टची परीक्षा, आणि आता परत जळगाव. १९ वर्षं झाली. खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने आहे.

काम नेमकं कोणतं

फूड टेक्नॉलॉजिस्ट पदार्थ बनवतो, मायक्रोबायोलॉजिस्ट त्यातले जंतू मोजतो, अन्न सुरक्षा अधिकारी नमुना उचलतो आणि वेळ पडली तर केस करतो. फूड केमिस्टचे प्रश्न दोनच: या पदार्थात काय किती आहे, आणि तो असा का झाला. लहान कारखान्यात अधिकाऱ्याचं सोडून बाकी सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं, तो भाग वेगळा.

केळीचंच घ्या. चिरलेली केळी काळी पडते. "सायट्रिक ॲसिड टाका" हे वेफरवालाही सांगेल. केमिस्टला हे माहीत असावं लागतं की केळीतलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फिनॉलवर काम करतं आणि त्यातून तो काळा रंग तयार होतो. आम्लाने हे एन्झाइम मंदावतं, उकळत्या पाण्यातून काढलं की मरतं, आणि क जीवनसत्त्व तयार होत असलेला रंग मागे फिरवतं, पण ते संपेपर्यंतच. तीन उपाय, तिन्हींचा खर्च वेगळा, चवीवरचा परिणाम वेगळा. मालकाला कोणता उपाय परवडेल हे सांगता आलं की तुम्ही केमिस्ट झालात. आपल्या आया भरल्या वांग्यांना चिरा दिल्या की ती मिठाच्या पाण्यात टाकतात, तेही याच एन्झाइमसाठी.

बारावीनंतर दोन रस्ते

पहिला रस्ता फूड टेक्नॉलॉजीच्या बी.टेक.चा, एमएचटी-सीईटी देऊन. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी संस्थेत हा विषय शिकवला जातो, म्हणजे घरून डबा नेऊन शिकता येतं. बाहेर जायची तयारी असेल तर मुंबईचं माटुंग्याचं आयसीटी, नागपूरचं एलआयटी, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय. पुढच्या शिक्षणासाठी म्हैसूरचं सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था. ही संस्था १९५० सालची आहे आणि तिथे शिकलेल्या माणसाला या धंद्यात कोणी फारसे प्रश्न विचारत नाही.

दुसरा रस्ता बीएस्सी केमिस्ट्री आणि मग एमएस्सी. मी याच रस्त्याने आले. बी.टेक.ची फी झेपत नसेल, सीईटीत गुण कमी पडले असतील, तर खचून जाऊ नका. लॅबमध्ये टायट्रेशन चांगलं करणाऱ्याची पदवी दुसऱ्या महिन्यापासून कोणी विचारत नाही.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात दरवर्षी पोरं पडतात. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर फूड टेक्नॉलॉजी, डेअरी, बायोटेक्नॉलॉजी, तेल तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी यांची पदवी चालते. केमिस्ट्रीची नुसती पदवी चालत नाही, तिथे पदव्युत्तर लागते. म्हणजे शेजारच्या बाकावरची मायक्रोची मुलगी बीएस्सीवर एमपीएससीचा अर्ज भरते आणि तुम्ही भरू शकत नाही. पहिल्या वर्षी विषय निवडताना हे डोक्यात ठेवा. केमिस्ट्रीसोबत बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रो घेता येत असेल तर घ्या. नाहीतर एमएस्सी करायचंच, हे घरी आत्ताच सांगून टाका.

कॉलेजची वर्षं

अभ्यासक्रमातलं टायट्रेशन तुम्ही करालच, पण तिथे द्रावण कॉलेजचं असतं आणि उत्तर सरांना आधीच माहीत असतं. खरं शिकायचं तर उत्तर कोणालाच माहीत नसलेला पदार्थ आणा. शेव तळणाऱ्याच्या कढईतलं तेल आणा. शेवभाजीच्या मुलखात त्याला तोटा नाही.

तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल खवट व्हायला किती लागलंय त्याचा आकडा, साध्या काचसामानात काढता येते. ५ ग्रॅम तेल, त्यात ३० मिली ॲसिटिक ॲसिड आणि क्लोरोफॉर्मचं मिश्रण, तीनास दोन या प्रमाणात. अर्धा मिली संपृक्त पोटॅशियम आयोडाइड. एक मिनिट हलवायचं, मग ३० मिली पाणी, आणि सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करायचं. हे काम फ्यूम हूडखालीच करा, क्लोरोफॉर्म नाकात जाऊ देऊ नका. धरा की थायोसल्फेट ०.०१ नॉर्मल आहे, तेलाला ६.२ मिली लागलं आणि तेल न घालता केलेल्या ब्लँकला ०.२. म्हणजे उरले ६.०. त्याला ०.०१ ने गुणा, १००० ने गुणा, ५ ने भागा. उत्तर १२, म्हणजे किलोमागे १२ मिलिइक्विव्हॅलंट.

यातली खरी मेख स्टार्चची आहे. नवखा माणूस स्टार्च सुरुवातीलाच ओततो, कारण निळा रंग बघायची घाई असते. आयोडीन जास्त असताना स्टार्च पडलं की ते आयोडीनला धरून बसतं, शेवट लांबतो आणि रीडिंग वर जातं. पिवळा रंग गवती चहाच्या पाण्याइतका फिका होईपर्यंत थांबा, मग स्टार्च टाका. मग थेंब-थेंब. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा.

आता गंमत बघा. चार दिवस तापवलेलं काळंभोर तेल आणलंत आणि त्याची पेरॉक्साइड व्हॅल्यू ताज्या तेलाइतकीच निघाली, तर तुमचं टायट्रेशन चुकलं असं समजू नका. तळणाच्या उष्णतेला पेरॉक्साइड टिकतच नाहीत, फुटून पुढची संयुगं होतात. म्हणून तळणाच्या तेलाचा निवाडा टोटल पोलर कंपाउंड्सवर, म्हणजे तेल बिघडताना त्यात साठत जाणाऱ्या संयुगांच्या एकूण प्रमाणावर, करतात. १ जुलै २०१८ पासून आपल्याकडे त्याची मर्यादा २५ टक्के आहे, त्यापुढे ते तेल वापरायचं नाही. हे कोणी सांगून कळत नाही, स्वतः फसलं की कळतं. मुलाखतीत सांगायला याहून चांगला किस्सा नाही.

वहीबद्दल एकच सांगते. रीडिंग थेट वहीत, शाईने, त्याच वेळी. तळहातावर नाही, टिश्यूवर नाही, "नंतर फेअर करू" म्हणून चिठोऱ्यावर तर नाहीच. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा दिसला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. कॉलेजात याचे गुण मिळत नाहीत. उलट जर्नल स्वच्छ नाही म्हणून ओरडा बसतो. खाऊन घ्या.

एफएसएसएआयची, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची, पदार्थवार तपासणी-पुस्तकं आहेत, दूध, तेल, मसाले, धान्य अशी वेगवेगळी, आणि ती संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. दोनशे रुपयांचं गाइड घेण्याआधी ती वाचा. इंग्रजी जड वाटेल. रोज एक पद्धत मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. सहा महिन्यांत ते इंग्रजीही सोपं होतं आणि पद्धतही डोक्यात बसते.

एमएस्सीला विषय कोणता

आपल्याकडे हुशार म्हणजे ऑरगॅनिक, असा एक समज आहे. तो औषध कारखान्यांनी घातलेला आहे आणि तिकडे जायचं असेल तर बरोबरच आहे. अन्नाकडे यायचं असेल तर ॲनालिटिकल घ्या. ऑरगॅनिकच मिळालं तरी दार बंद होत नाही, मग प्रोजेक्ट मात्र अन्नाचा करा. मिरचीतला रंग, शेंगदाण्यातली बुरशी, तुरीच्या डाळीतली भेसळ, काहीही. नवापूरच्या तुरीच्या डाळीला, जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. "या वांग्याचं वेगळेपण रसायनात कुठे दिसतं?" हा प्रश्न प्रोजेक्टला पुरून उरेल. पुस्तकातलाच प्रोजेक्ट पुन्हा करण्यापेक्षा हे बरं.

पहिली नोकरी

पगार कमी असतो. किती कमी, हे कारखान्यागणिक बदलतं. पण अंकलेश्वरला गेलेला मित्र तुमच्यापेक्षा जास्त मिळवत असेल आणि दिवाळीला तो ते बोलून दाखवेल, एवढं गृहीत धरा. पहिली दोन वर्षं पगारासाठी नाहीत, हात बसण्यासाठी आहेत. म्हणून कुठे लागायचं ते पदार्थ बघून ठरवा.

दूध डेअरीत वेग शिकता येतो. पहाटे कॅन येतात आणि गर्बर मशीन थांबत नाही. ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग फिरवायचं आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून फॅट वाचायचं. शंभर वेळा केलं की हाताला डोळे फुटतात. तेल गिरणीत आम्लता, आयोडीन व्हॅल्यू, सॅपॉनिफिकेशन, म्हणजे जुनी भक्कम केमिस्ट्री. डाळ मिलमध्ये लॅब बहुधा टेबलाएवढीच असते, तिथे फार काळ राहू नका. कांदा वाळवण्याच्या आणि फळांच्या गराच्या कारखान्यात निर्यातीची शिस्त कळते. परदेशी खरेदीदाराचा माणूस येऊन तुमची वही उघडतो तेव्हा मी वर वहीबद्दल का बोलले ते पटेल. जळगावात जैन समूहाने हे काम मोठ्या प्रमाणावर उभं केलंय. दोंडाईचा-चाळीसगावकडे मक्याच्या स्टार्चचे कारखाने आहेत. मका गंधकाच्या वायूच्या पाण्यात भिजत घालण्यापासून ग्लुकोजपर्यंतची साखळी तिथे एका छताखाली दिसते.

मिरचीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण नंदुरबार-दोंडाईचाच्या पोरांना हे घरचं काम आहे. मिरची पावडरीत ओलावा ११ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, एकूण राख ८ टक्क्यांपर्यंत, आणि आम्लात न विरघळणारी राख १.३ टक्क्यांपर्यंत. शेवटचा आकडा म्हणजे माती. उघड्यावर वाळवलेल्या मिरचीवर वावटळ येऊन गेली की तो वर चढतो. वर्षभराचे आकडे मांडले तर कोणता माल पथारीवर वाळलाय आणि कोणता ताडपत्रीवर, ते न विचारता सांगता येतं. आणि ओलावा. ओव्हनमध्ये तापवून जे वजन घटतं त्यात पाण्याबरोबर उडणारं तेलही जातं. म्हणून मसाल्यांचा ओलावा टोल्युइनबरोबर उकळून, नळीत पाणी वेगळं गोळा करून मोजतात. त्याला डीन-स्टार्क म्हणतात. मिरचीत फरक थोडा पडतो, जिऱ्यात डोळ्यांत भरेल इतका. अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, मर्यादा मसाल्यांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. युरोपला माल पाठवायचा तर १०. त्या दोन आकड्यांच्या मधला माल कुठे विकायचा, हे शेवटी व्यापारी केमिस्टलाच विचारतो.

आता माझी फजिती. पहिल्या कारखान्यात, नाव नको, मका खरेदीवर होता आणि ओलाव्याची हद्द १४ टक्के. मार्चचे दिवस, गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग. मी ओव्हनमधून डिश काढली, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकणबंद भांड्यात, गार व्हायला ठेवायला हवी होती, ती घाईत तशीच वजनकाट्यावर ठेवली. गरम डिशवरची हवा वर चढते, ती काट्याचं ताटही किंचित उचलते, त्यामुळे वजन कमी दिसतं. वाळल्यावरचं वजन कमी म्हणजे ओलावा जास्त. माझा आकडा आला १४.४. ट्रॅक्टर परत. गेटवर उभ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एवढंच विचारलं, "काय व्हयनं वं माय? मका ते कडक वाळेल शे." मी कागद दाखवला. कागदापुढे तो काय बोलणार?

संध्याकाळी आमच्या सिनियरने, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, राखून ठेवलेल्या भागावर तीच टेस्ट लावली. १३.८. पाच ग्रॅमच्या नमुन्यात फरक फक्त ३० मिलिग्रॅमचा, साखरेच्या थोड्याशा कणांइतका. अण्णा ओरडले नाहीत. म्हणाले, उद्या फोन करून बोलाव, भाड्याचं मी बघतो. तो शेतकरी आला नाही. मका त्याने संध्याकाळीच पाडून मागितलेल्या भावात दुसरीकडे घालून टाकला होता. तेव्हापासून हद्दीच्या अर्ध्या टक्क्याच्या आत आकडा आला की मी दुसरा नमुना लावल्याशिवाय सही करत नाही. ही सवय कुठल्या पुस्तकात नाही, पण तुम्ही पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

नमुना काढणं हेसुद्धा केमिस्टचंच काम आहे, हमालावर सोडायचं नाही. दोनशे पोत्यांच्या गाडीत वरची पोती नेहमी चांगली असतात, ही धंद्याची रीत आहे. परखी, म्हणजे पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी, मधल्या आणि तळच्या पोत्यांतही खुपसा. सगळं एकत्र करून ढीग लावा, चपटा करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन घ्या, दोन सोडा. पुन्हा तेच, किलोभर उरेपर्यंत. पोतं चुकीचं निवडलं तर पुढे लाखाचं मशीन असून उपयोग नाही.

मे महिन्यातली लॅब

हे पुण्याच्या पुस्तकात सापडणार नाही म्हणून सांगते. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा सॉक्सलेटवर, म्हणजे ईथरने पदार्थातलं फॅट धुऊन काढणाऱ्या काचेच्या उपकरणावर, फॅट काढायला बसलात तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कंडेन्सरमध्ये गरमच येतं आणि पेट्रोलियम ईथर वाफ होऊन खोलीभर पसरतं. फॅट चुकतं ते चुकतं, आगीचाही धोका. आम्ही उन्हाळ्यात सॉक्सलेट पहाटे लावतो, पाणी छोट्या पंपाने बर्फाच्या बादलीतून फिरवतो, आणि पद्धतीत चालत असेल तिथे ४०-६० ऐवजी ६०-८० अंशांच्या उकळबिंदूचं ईथर घेतो. काय बदललं ते वहीत लिहितो. वीज गेली की ओव्हनमधल्या डिशचा वेळ पुन्हा पहिल्यापासून.

टेस्टिंग लॅबकडे

दोन-तीन वर्षांनी कारखान्याची लॅब तोकडी वाटू लागते. एकच पदार्थ, त्याच पाच टेस्ट. तेव्हा एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली टेस्टिंग लॅब शोधा. नाशिक, पुणे, ठाणे-नवी मुंबईत त्या बऱ्याच आहेत. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी एचपीएलसी आणि गॅस क्रोमॅटोग्राफी, जड धातूंसाठी आयसीपी-एमएस, हे तिथे हाताशी येतं. आयएसओ १७०२५ हे टेस्टिंग लॅबसाठीचं मानक तिथे रोजच्या भाषेत येतं. रीडिंगच्या मागेपुढे किती अनिश्चितता आहे, काटा कधी तपासला, पद्धत आपल्या लॅबमध्ये चालते याचा पुरावा काय. सुरुवातीला हा कागदी कारभार वाटतो. मलाही वाटला होता.

मशीनचं बटण दाबणारे पुष्कळ असतात. मुलाखतीत त्यांना वेगळं काढणारा माझा आवडता प्रश्न असा: केलडालमध्ये तुम्ही प्रोटीन मोजता का? "हो" म्हणणारा पुढे जात नाही. योहान केलडालने १८८३ साली कोपनहेगनला बसवलेली ही पद्धत नायट्रोजन मोजते. त्याला ६.२५ ने, दुधात ६.३८ ने, गुणून आपण प्रोटीन म्हणतो. नायट्रोजन कुठून आला ते पद्धतीला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी याच फटीतून प्रवेश केला, आणि त्यात लहान मुलांचे मूत्रपिंड गेले. पद्धतीला काय दिसत नाही हे ज्याला सांगता येतं, त्याला मी घेते.

फूड ॲनालिस्टची परीक्षा

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता आणि या पदाचं, म्हणजे कायद्याखाली उचललेला नमुना तपासून अहवाल देणाऱ्याचं, नाव पब्लिक ॲनालिस्ट होतं. जुनी माणसं अजून तेच म्हणतात. आताच्या कायद्यात अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. एक ॲनालिस्टकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून, आणि चौथा, दुकानदाराने मागितलं तर, त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त लॅबकडे. ॲनालिस्टने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा. त्याच्याविरुद्ध अपील करायला ३० दिवस.

पात्रतेला केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फूड टेक्नॉलॉजी अशा विषयांतली पदव्युत्तर पदवी, अन्न विश्लेषणाचा किमान ३ वर्षांचा अनुभव, आणि मग एफएसएसएआयची परीक्षा, लेखी आणि प्रात्यक्षिक. ज्युनियर ॲनालिस्टची परीक्षा वेगळी असते, अनुभव पुरा व्हायच्या आधी तिच्याकडे बघा. मुद्दा अनुभवाच्या पत्राचा. कारखाना सोडताना "क्यूसी विभागात काम केले" असं मोघम पत्र घेऊ नका. कोणते अन्नपदार्थ, कोणत्या टेस्ट, कधीपासून कधीपर्यंत, हे लिहून घ्या. माझ्या एका सहकाऱ्याला पहिल्या नोकरीचं पत्र बदलून घ्यायला सहा महिने हेलपाटे घालावे लागले, तोवर त्या वर्षाचा अर्ज हुकला.

लेखी परीक्षेत कायदा आणि नियम अनेकांना जड जातात, कारण आपण केमिस्ट्रीवाले ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. प्रात्यक्षिकात हात थरथरतो. घरी ब्युरेट नाही म्हणून काय झालं, कॉलेजच्या सरांना विचारा. रविवारी लॅब उघडून देणारे सर अजून आहेत.

आकडा बदलायला सांगितलं तर

सांगतील. कधी मालक, कधी खरेदीवाला, कधी गोड शब्दांत, "ताई, ओलावा ११.३ चा ११ करा, कुठे बिघडतंय?" मला एकदा संध्याकाळी सातला गाडी भरून उभी असताना असाच फोन आला होता. मी सांगितलं, नमुना पुन्हा काढते, दोघांसमोर काढते, येईल तो आकडा लिहिते. पुन्हा ११.२ आला. गाडी रिकामी झाली, माल दोन दिवस वाळवला आणि गेला. महिनाभर माझ्याशी कोणी नीट बोलत नव्हतं. नोकरी गेली नाही, पण जाऊ शकली असती, हे लपवत नाही. "नाही" म्हणण्यापेक्षा "पुन्हा करते, समोर करते" म्हणणं सोपं जातं आणि बहुतेक वेळा पुरतं. जिथे दर आठवड्याला हेच चालतं, तिथली नोकरी मात्र बदला. अहवालावर सही तुमची असते.

परत गावी

आज माझ्याकडे येणाऱ्या कामात मोठे कारखाने थोडे आणि बचतगट, वेफरवाले, पापडवाले जास्त. बिबडे, मसाला, केळीचे वेफर, नाचणीचे लाडू. त्यांना लेबलवरची पोषणाची चौकट हवी असते आणि "किती दिवस टिकेल" याचं उत्तर. चौकटीचं गणित अवघड नाही. समजा वेफरच्या १०० ग्रॅममध्ये ओलावा ३, प्रोटीन २, फॅट ३३, राख ३. बेरीज ४१. उरलेले ५९ कर्बोदकं. ऊर्जा काढायला प्रोटीनला ४, कर्बोदकांना ४, फॅटला ९. म्हणजे ८ अधिक २३६ अधिक २९७, एकूण ५४१ किलोकॅलरी. त्या ५९ मध्ये तंतूही आले, तो वेगळा मोजायचा. वर केलेल्या चारही टेस्टमधली प्रत्येक चूक शेवटी या कर्बोदकांच्या रकान्यात येऊन साठते, हे नवख्याने ध्यानात ठेवावं.

टिकण्याचं उत्तर मात्र लॅबमध्ये बसून मिळतंच असं नाही. गेल्या वर्षी चोपड्याकडच्या एका गटाच्या बायका वेफरची तक्रार घेऊन आल्या. पंधरा दिवसांत खवट वास, दुकानदार माल परत करतोय, तेल मात्र चांगलं, दर दोन दिवसांनी बदललेलं. परत आलेल्या पाकिटातलं तेल काढून पेरॉक्साइड व्हॅल्यू बघितली तर बेसुमार. त्यांच्या घरी ठेवलेल्या, त्याच दिवशी तळलेल्या पाकिटाची जेमतेम. तेल एक, कढई एक, केळीही एकच. मी गाडी काढली आणि दुकानावर गेले. पाकिटं पारदर्शक, आणि दुकानदाराने त्यांची माळ पश्चिमेकडच्या दारात टांगलेली. दुपारी दोनपासून मावळेपर्यंत ऊन थेट वेफरवर. उजेडाने फॅटचं ऑक्सिडेशन भराभर होतं, हे मी एमएस्सीला लिहून गुण मिळवले होते.

अहवालात मी आकडे लिहिले आणि खाली दोन ओळी: पाकीट चंदेरी आतल्या थराचं घ्या, तोवर माळ दाराआड टांगा. बायकांनी दुसरं काम त्याच संध्याकाळी केलं.